एकच आजार, मग नवऱ्याला चौदा कॅप्सूल आणि बायकोला एकच डोस का?

जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहणारा तिशीतला माणूस. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लघवीला जळजळ, सकाळी चिकट पांढुरकं पाणी. उन्हाळी लागली म्हणून आधी धने-जिऱ्याचं पाणी झालं, मग मेडिकलवाल्यानं सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक) दिली. चार दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी लघवीची पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी केली : क्लॅमिडिया पॉझिटिव्ह, गोनोरिया निगेटिव्ह. दोन्ही शरीरसंबंधातून लागणारे जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ, 7 दिवस.

त्याचा प्रश्न असा : “बायकोला बी घ्यावं लागतंय म्हणतेत. ह्याच पानातल्या सात-सात वाटून घेऊ का? आन् एका डोसात काम करणारी अ‍ॅझिथ्रो हाय म्हणतेत, मंग सात दिवस कामून?”

वाटून घेतल्या तर दोघांचाही कोर्स साडेतीन दिवसांचा होतो, म्हणजे कुणाचाच होत नाही. त्यातून बायकोला तिसरा महिना. गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन टाळतात. तिला अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, म्हणजे 500 च्या दोन गोळ्या एकदम. घेतल्यावर लगेच उलटी झाली तर कळवायचं, डोस पुन्हा लागू शकतो.

मग त्यालाच अ‍ॅझिथ्रो का नको? चालते, पण क्लॅमिडियावर डॉक्सीची खात्री जास्त. एका डोसाचा फायदा एवढाच की गोळ्या चुकत नाहीत. आणि सिप्रोचं म्हणाल तर क्लॅमिडियावर ती भरवशाची नाही, गोनोरियाचे जंतू तर तिला बरेच सरावलेत. गोनोरिया निघाला असता तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन लागलं असतं. तपासणी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या केंद्रात) औषधांचं राखाडी किट फुकट मिळतं. त्यात अ‍ॅझिथ्रो 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम असतं, दोन्ही आजार धरून.

डॉक्सी जेवणानंतर, तांब्याभर पाण्यासोबत. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली की छातीत आग पडते. लोहाची गोळी किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध त्याच वेळी नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं. उन्हात कातडी पोळते, म्हणून हमाली करताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल. त्रास तिसऱ्या दिवशी थांबला तरी चौदाही संपवायच्या.

दोघांचे उपचार एकाच आठवड्यात व्हायला हवेत. त्याचा कोर्स पूर्ण होईपर्यंत आणि तिच्या डोसाला 7 दिवस होईपर्यंत संबंध नाही, निरोध लावूनसुद्धा नको. गेल्या 60 दिवसांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही कळवायचं. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी दोघांचीही.

सगळ्यात अवघड होतं ते घरी सांगणं. दोन दिवस तो टाळत राहिला. हा जंतू लक्षणं न दाखवता महिनोन् महिने राहतो, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून कधी लागला ते कळत नाही. हे त्याला सांगितलं, खोटं बोलायला मात्र सुचवलं नाही. तिला तर काहीच त्रास नव्हता. बायकांत बहुतेकदा नसतोच.

ती आली तेव्हा तिनं एकच विचारलं, “लेकराला काही व्हायचं नाही ना?” उपचार न झाल्यास बाळंतपणात बाळाला डोळ्यांचा संसर्ग किंवा न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणूनच आता औषध. तिची फेरतपासणी 4 आठवड्यांनी, त्याआधी नाही, कारण मेलेल्या जंतूंमुळेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. 3 महिन्यांनी पुन्हा दोघांची. दोन्ही तारखा तिच्याच कार्डावर लिहून दिल्या, त्याच्या चिठ्ठीचा भरवसा नव्हता.