भागीच्या घोड्याचा खरारा

सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला ठेवला तरी हातभार लावायला कुणी येत नाही, आले ते टिकत नाहीत, मग कंपनीच काढू का, असं विचारलंस. काढ, नाहीतर नको काढूस. राखण, म्हणजे रोजची देखभाल, कोण करणार ते आधी सांग.

परवान्याची फाईल, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा ते सांगणारी, पहिल्या दिवशीच टाक. ती नसेल तर कोड दिसतो, पण वापरायचा हक्क कायद्याने कुणालाच मिळत नाही. जाणकार माणूस मग त्याला हातही लावत नाही. 'मागाहून बघू' चालणार नाही. ज्याने जो तुकडा लिहिला त्यावर हक्क त्याचाच. परवाना बदलायचा तर प्रत्येकाचा होकार हवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाने २०१२ मध्ये परवाना बदलला, तेव्हा होकार न देणाऱ्यांची नकाशातली भर पुसावी लागली.

कामाचे तुकडे पाडलेस, चांगलं केलंस. पण अशा सामाईक कामाचा अभ्यास करणाऱ्या योखाय बेंक्लर या कायद्याच्या प्राध्यापकाने २००२ मध्येच आणखी एक अट सांगितली होती: तुकडे जोडणं स्वस्त हवं. ती सगळे विसरतात. बदल पाठवणारे पन्नास आणि तपासायला एक, इथेच गाडं अडतं. एका बदलात एकच गोष्ट घे, चाचण्या आपोआप चालव, आठवड्याच्या आत उत्तर दे. नकार असला तरी दे! महिनाभर गप्प बसायचं आणि वर लोक येत नाहीत म्हणायचं?

आणि किल्ल्या दोघांकडे ठेव: डोमेन, खातं, नवी आवृत्ती सोडायचा अधिकार. सोडण्याआधी दुसऱ्याची नजर फिरलीच पाहिजे. 'एक्सझेड' या फाईली आवळणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये एकटा राखणदार थकला होता. मदतीला आलेल्याने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये चोरदरवाजा घुसवला.

'भागीचं घोडं किवणाने मेलं', म्हणजे सगळ्यांचं ते कुणीच सांभाळत नाही, हे तुलाही ऐकवतील. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी सामाईक कुरणं आणि पाटपाणी अभ्यासून १९९० मध्ये दाखवलं की घोडं जगतं. वापरणाऱ्यांनीच नियम करायचे, पाळत त्यांचीच, पहिल्या चुकीला छोटी शिक्षा. म्हणजे खरारा कुणाचा, हे ठरलेलं हवं.

हट्टी म्हण मला. एका बाबतीत मात्र चुकलोच: राखणीला पैसे दिले की सामाईकपण बाटतं, असं मी फार वर्षं मानलं. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीचं बरंचसं काम पगारी माणसं करतात, आणि तरी ते सगळ्यांचं आहे. तेव्हा पैसे जमव, पण पहिला खर्च तपासणाऱ्यावर कर, नव्या सोयींवर नको.

दुसरी किल्ली कुणाकडे दिलीस, ते पुढच्या पत्रात कळव.