तापातली आकडी, सुईची भीती आणि मुलाचे वय

प्रश्न : आमची मुलगी १४ महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात ताप चढल्यावर तासाभरातच तिचे डोळे वर फिरले आणि हातपाय ताठ होऊन झटके येऊ लागले. सासूबाईंनी कांदा हुंगवला, दातखीळ बसू नये म्हणून मी दातांमध्ये चमचा धरला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती शांत झाली होती. ही तापातली आकडी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. असे पुन्हा होईल का, आणि पुढे तिला फिट्सचा आजार जडेल का? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : पुन्हा होऊ शकते, हे आधीच सांगून ठेवतो. वाढत्या मेंदूला ताप झेपत नाही असा एक काळ असतो, साधारण ६ महिने ते ५ वर्षे, आणि त्या काळात शंभरांतील दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. आपल्या मुलीला ती दीड वर्षाच्या आत आली आणि ताप चढल्यावर फार थोड्या वेळात आली, म्हणून तिच्या बाबतीत ही शक्यता थोडी जास्तच धरावी. मात्र साध्या तापातल्या आकडीने मेंदूला इजा होत नाही आणि अशा बहुतेक मुलांना पुढे फिट्सचा आजारही होत नाही.

पुढच्या वेळी मुलीला कुशीवर निजवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध यांपैकी काहीही घालू नये. आकडीत जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटू शकतो आणि त्याचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. कांद्याचे म्हणाल, तर बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि कांदा शोधून फोडेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, म्हणून श्रेय त्याला मिळते. आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली, ओठ निळे पडले, झटके अंगाच्या एकाच बाजूला आले, २४ तासांत दुसऱ्यांदा आकडी आली किंवा नंतर मूल नीट जागे होईना, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. लांबलेली आकडी थांबवण्यासाठी नाकात फवारायचे औषध मिळते. ते घरी ठेवावे का आणि किती द्यावे, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

पॅरासिटामॉलने मुलाला बरे वाटते, आकडी टळत नाही. त्याचा डोस वयावर नव्हे तर वजनावर ठरतो, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे नऊ किलोच्या मुलीला १३५ मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत बहुधा दर मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते आणि सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम, त्यामुळे सिरपच्या सवयीने थेंबांचे औषध चमचाभर पाजले, तर एकदम ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. घरात आजारी मूल असते तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचायला कोणाला सवड नसते. तो आजच वाचून ठेवावा.

प्रश्न : साडेचार वर्षांच्या मुलाला न्यूमोनियासाठी पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. घरी आल्यापासून तो अंथरूण ओले करतो आणि "मी आता शहाण्यासारखा वागेन, सुई नको" असे म्हणत राहतो. (एक वडील, पुणे)

उत्तर : या वयाच्या मुलाला जगात घडणारे सारे आपल्यामुळेच घडते असे वाटते. आजार ही त्याच्या लेखी शिक्षा असते, आणि "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे आपल्याकडचे घरोघरचे वाक्य त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करते. आजारी पडण्यात त्याची काहीच चूक नव्हती, हे त्याला स्पष्ट शब्दांत आणि अनेकदा सांगावे. सुटलेली सवय परत येणे हे मोठ्या ताणानंतर अपेक्षितच असते. रागावले नाही तर काही आठवड्यांत ते थांबते, न थांबल्यास लघवीची तपासणी करून घ्यावी.

पुढे कधी सुई घ्यावी लागली, तर "दुखणार नाही" असे खोटे सांगू नये. दुखेल पण लवकर थांबेल, हे अगदी आयत्या वेळी सांगावे आणि त्याला मांडीवर धरून बसावे. दहा वर्षांच्या मुलाला मात्र हेच आधी आणि कारणासह सांगावे लागते, तर आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला परका चेहराच नको असतो, म्हणून त्याची तपासणी आईच्या कडेवरच व्हावी असा आग्रह पालकांनी निःसंकोच धरावा.

प्रश्न : आमचे बाळ दीड महिन्याचे आहे. इतक्या लहान बाळाला रात्री ताप आला, तर घरातील वडीलधारी माणसे म्हणतात तसे सकाळपर्यंत थांबावे का? (एक आई, लातूर)

उत्तर : थांबू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, तर ते खेळत असले तरी त्याच रात्री दाखवावे, कारण या वयात रक्तातील किंवा मेंदूच्या आवरणातील जंतुसंसर्गाची ताप सोडून दुसरी खूण बऱ्याचदा दिसतच नाही. अंग गार पडणे, दूध न ओढणे आणि बरगड्यांखाली खळगा पडणे ही लक्षणेही तितकीच गंभीर असतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असणे धोक्याचे असते. दोन महिन्यांपुढे वर्षापर्यंत ही मर्यादा ५० आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४० असते. श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. निघताना लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे, तापलेल्या बाळाला दुलईत गुंडाळू नये आणि ते दूध ओढत असेल तर वाटेतही अंगावर पाजत राहावे.