नॅनोसेल्युलोज मिसळलेलं पॉलियुरेथेन थेट जैवसुसंगत म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न असा, की नॅनोसेल्युलोज म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण, आणि सेल्युलोज वनस्पतींतून येतं, निरुपद्रवी आहे, तर ते मिसळलेल्या पॉलियुरेथेनला प्रकल्प अहवालात जैवसुसंगत म्हणावं का, आणि ताकद वाढवायला ते किती टाकावं? मी याच पदार्थांवर काम करतो. सेल्युलोज नैसर्गिक आहे एवढ्या आधारावर तसं लिहू नका. जैवसुसंगतता, म्हणजे शरीराला अपाय न करता त्यात काम करण्याची क्षमता, एखाद्या घटकाची नसते. तयार झालेली वस्तू शरीरात कुठे आणि किती काळ राहणार, यावर ती ठरते.

आधी पॉलियुरेथेनकडे बघा, कारण धोका बहुतेकदा तिथे असतो. पॉलियुरेथेन डायआयसोसायनेट आणि पॉलिओल (अनेक हायड्रॉक्सिल गटांचं अल्कोहोल) यांच्या अभिक्रियेतून बनतं; त्यातलं डायआयसोसायनेट कोणतं वापरलंय? एमडीआय किंवा टीडीआय, म्हणजे बेंझीनवलय असलेलं डायआयसोसायनेट, असेल तर पदार्थाचं विघटन होताना अ‍ॅरोमॅटिक अमाइन सुटू शकतात. पॉलियुरेथेन फोमचं आवरण असलेली स्तनरोपणं अमेरिकेत 1991 मध्ये मागे घेतली गेली, ती टीडीआयपासून सुटणाऱ्या टोल्युइनडायअमाइन या अशाच अमाइनच्या भीतीमुळेच. लायसिन डायआयसोसायनेट वापरलं तर विघटनातून लायसिन हे अमिनो आम्ल मिळतं, म्हणून शरीरात विरघळून जाणाऱ्या पदार्थांसाठी मला ते जास्त पटतं. पण अशी बेंझीनवलय नसलेली अ‍ॅलिफॅटिक आयसोसायनेटं सावकाश अभिक्रिया करतात, मग कथिलाचा उत्प्रेरक घातला जातो आणि तो पदार्थातच राहतो. डायब्युटिलटिन डायलॉरेट हा असाच कथिलाचा उत्प्रेरक पेशींना घातक आहे. पेशी मेल्या की दोष सेल्युलोजवर जातो आणि खरा दोषी हा उत्प्रेरक असतो, ही शक्यता कायम ध्यानात ठेवा.

आता ताकदीचं. सेल्युलोजचे नॅनोस्फटिक साधारण 5 ते 20 नॅनोमीटर जाड आणि शंभर ते काहीशे नॅनोमीटर लांब असतात. लांबीच्या दिशेने त्यांचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) शंभर गिगापास्कलच्या वर जातो. मऊ पॉलियुरेथेनचा मेगापास्कलमध्येच मोजावा लागतो. त्यामुळे वजनाच्या 1 ते 5 टक्क्यांतच ताठरपणा चांगला वाढतो. त्यापुढे गुठळ्या व्हायला लागतात, ताणल्यावर नमुना तिथूनच तुटतो, आणि तुटेपर्यंत होणारी लांबीतली वाढही घटते. मी तुमच्या जागी असतो तर अर्धा, एक आणि तीन टक्क्यांपासून सुरुवात केली असती.

इथे एक हिशेब बरेचजण विसरतात. सेल्युलोजच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गटही आयसोसायनेटशी जोडले जातात. हे चांगलंच आहे, पकड घट्ट होते. पण गुणोत्तर काढताना पॉलिओलबरोबर त्यांनाही धरायला हवं. ओलावा राहिला तर पाणीही आयसोसायनेट खातं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे अडकतात. म्हणून सेल्युलोज वाळवावं म्हटलं, तर स्फटिक एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा नीट सुटत नाहीत. मग पाण्याऐवजी हळूहळू डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात आणण्याचा मार्ग उरतो. तो मी वापरतो, पण शेवटी निर्वात भट्टीत नमुना भरपूर वेळ ठेवून उरलेलं डीएमएफ मोजतोच, कारण तेही विषारी आहे. नमुना वितळवून बनवणार असाल तर सल्फ्यूरिक आम्लाने काढलेले स्फटिक जपून वापरा. त्यांच्यावरचे सल्फेट गट उष्णतेत सेल्युलोजचं विघटन लवकर सुरू करतात आणि माल पिवळा-तपकिरी पडतो.

कोरड्या नमुन्याचे आकडे बघून मात्र खूश होऊ नका. पाणी शिरलं की स्फटिकांमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि मिळालेल्या ताठरपणाचा मोठा भाग जातो. शरीरात सगळं ओलंच असतं, त्यामुळे 37 अंश सेल्सियसच्या क्षारद्रावणात भिजवलेल्या तुकड्याची ताणचाचणी हीच माझ्या मते खरी चाचणी.

पेशींसाठी आयएसओ 10993-5 या पेशीविषाक्ततेच्या मानकाप्रमाणे अर्क काढून बघा. पेशींची जीवनक्षमता कोऱ्या नियंत्रणाच्या (नमुन्याविना तसाच केलेल्या अर्काच्या) 70 टक्क्यांखाली गेली तर विषाक्तता मानतात. पण ही पहिली पायरी झाली. रक्ताला लागणारी वस्तू असेल तर रक्तविघटन (तांबड्या पेशी फुटणं) आणि रक्त गोठणं यांची चाचणी वेगळी. सेल्युलोज जिवाणूंपासून मिळवलेलं असेल तर एंडोटॉक्सिन (ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या आवरणातलं, ताप आणणारं विष) तपासा, कारण ते जिवाणू ग्रॅम-ऋण असतात. लाकडाच्या सेल्युलोजमध्ये बीटा-ग्लुकान ही दुसरी बहुशर्करा राहिली असेल तर एंडोटॉक्सिनची नेहमीची चाचणी खोटा होकार देऊ शकते. शिवाय माणसाच्या शरीरात सेल्युलोज तोडणारं विकरच नाही. तुमचं पॉलियुरेथेन विरघळणारं असेल तर ते गेल्यावर मागे उरलेले स्फटिक कुठे जातात, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

निर्जंतुकीकरण आधी आणि चाचणी नंतर. गॅमा किरणांनी सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, आणि पॉलिएस्टरवर आधारलेल्या पॉलियुरेथेनला 121 अंशांची वाफ सोसत नाही. अहवालात सध्या एवढंच लिहा, की अमुक पद्धतीने निर्जंतुक केलेल्या नमुन्याच्या अर्काचा एल-929 या उंदराच्या पेशींवर इतक्या तासांत विषारी परिणाम दिसला नाही. परीक्षकाने खोदून विचारलं तरी या वाक्यावर तुम्ही ठाम राहू शकाल.