खोडलेली ओळ बरोबर होती

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, स्टेट बोर्ड. घटक चाचणीत विज्ञानात २० पैकी ११. ‘गतीचे नियम’ हा धडा मी स्वतः तिला तीनदा शिकवला. मी मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला नोकरी. खो-खो बंद केलं, आयआयटी फाउंडेशनला घातलं. तरी फरक नाही, उलट उत्तरं मात्र देते. तिला इंजिनिअरिंग झेपेल का? पेपरचा फोटो सोबत आहे.
– एक पालक, धायरी

उत्तर : पत्र एकदाच वाचलं, पेपर मात्र चार वेळा पाहिला. तिसरा प्रश्न पुन्हा बघा. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्यावर कोणतं बल असतं? मुलीने आधी लिहिलंय, ‘फक्त गुरुत्वीय बल, खालच्या दिशेने’. मग त्यावर दोन आडव्या रेघा मारून खाली लिहिलंय, ‘बल शून्य, कारण हाताचे बल संपते’. बाईंनी तिथे गोळा दिलाय. खोडलेली ओळ बरोबर होती. ‘हाताचं बल संपतं’ हे तिला कोणी शिकवलं असेल, याचा अंदाज तुम्हालाही येईल.

चूक तुमच्या एकट्याची नाही. गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असणारच, असं आपल्या सगळ्यांना आतून वाटतं. गॅलिलिओच्या आधी शेकडो वर्षं मोठमोठ्या विद्वानांना तसंच वाटत होतं. चेंडू हातातून सुटला की हाताचा संबंध संपला. हवेचा विरोध सोडला तर जाताना, वर टेकताना आणि येताना त्यावर एकच बल, खाली ओढणारं. वेग वरच्या टोकाला क्षणभर शून्य होतो, त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) मात्र शून्य होत नाही. ते तिथेही खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गच असतं. वेगही शून्य आणि बलही शून्य असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. गच्चीवर जाऊन एक चेंडू फेका आणि लटकतो का ते बघा.

मला मार्कांपेक्षा त्या दोन रेघांची काळजी वाटते. आलेलं उत्तर मुलीने बाबा म्हणतात म्हणून खोडलं. आणि ‘उलट उत्तरं देते’ म्हणता, ती उत्तरं काय होती हे पत्रात कुठेच नाही. कदाचित ती हेच सांगत असेल.

खो-खो बंद करणं तर मला अजिबात पटलं नाही. पळताना खांब धरून गर्रकन वळलं की हात कसा ताणला जातो, हे तिच्या खांद्याला ठाऊक आहे. खांब नसता तर ती सरळच गेली असती. दिशा बदलायला लागणारं बल खांब देतो. न्यूटनचा पहिला नियम ती रोज संध्याकाळी मैदानावर करत होती. सोमवारपासून पुन्हा पाठवा.

परीक्षेपुरतं एवढंच. प्रत्येक गणितात वस्तूचं चित्र काढून बलांचे बाण दाखवायचे आणि प्रत्येक बाणाला ‘हे बल कोण लावतंय?’ असं विचारायचं. उत्तर नसेल तर बाण पुसायचा. क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर दाखवायच्या नाहीत. आणि शिकवणी तुम्ही थांबवा. तिला शिकवू द्या, तुम्ही ऐका. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे एकदा दोघं जाऊन या. वही न्यायची नाही.

इंजिनिअरिंगचं म्हणाल तर दहावीनंतर डिप्लोमा किंवा बारावीनंतर सीईटी-जेईई, हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. नववीच्या ११ मार्कांवरून त्यातलं काहीच ठरत नाही. तिला इंजिनिअर व्हायचंय की नाही, हे मात्र तुमच्या पत्रात एका ओळीनेही आलेलं नाही. फाउंडेशनबद्दलही आधी तिला विचारा. नको म्हणाली तर फी परत मागायला जा; नाही मिळाली तर गेली म्हणा.

आज रात्री तो पेपर घेऊन तिच्याशेजारी बसा आणि तिचंच उत्तर बरोबर होतं असं सांगा. पुढचं पत्र तिच्या हातचं आलं तर आवडेल. खाडाखोड असली तरी चालेल.