मैत्रिणीचे नाव कार्डावर लिहावे का?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती माणसांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा पहिल्या बैठकीत बाहेर पडत नाही. शेजारी, सहकारी, जुनी वर्गमैत्रीण अशा कोणाला तरी आपल्या श्रद्धेविषयी सांगावे, निदान ती जवळून पाहायला बोलवावे, असे त्यांना मनापासून वाटते. पण तोंड उघडले तर ‘ही बाटवायला निघाली’ असे कोणी म्हणेल आणि गप्प बसले तर प्रभूपुढे काय उत्तर देणार, या कात्रीत ती सापडलेली असतात. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही अवस्था असते. पुण्यातील एका बाईंची हकिकत मी येथे त्यांच्या आणि त्यांच्या मैत्रिणीच्या संमतीने देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई एका सहकारी बँकेत हिशेब विभागात काम करतात. माहेर राहुरीकडचे असून घराण्यात पणजोबांपासून ख्रिस्ती श्रद्धा आहे. माझ्याकडे त्या आल्या त्या डोकेदुखीसाठी. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून काही निघाले नाही असे सांगितले होते आणि दुखणे मात्र नेमके रविवारी सकाळी, उपासनेला निघण्याच्या सुमारास उठत होते. बोलता बोलता कळले की नाताळाच्या आधी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रत्येकाला एक छोटे कार्ड देण्यात आले होते. आपण ज्या एका व्यक्तीला यंदा प्रभूकडे आणणार तिचे नाव त्यावर लिहायचे आणि ते कार्ड अर्पणाच्या थैलीत टाकायचे, असा तो उपक्रम होता. बाईंनी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीचे नाव लिहिले. त्यानंतर दर रविवारी दारात कोणी ना कोणी विचारत असे, “आली का तुमची मैत्रीण?” मैत्रिणीला यातले काहीच ठाऊक नव्हते.

“मॅडम, मी तिला विचारलंच नाही तर ती माझ्यामुळे वंचित राहील ना?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ आला, “आणि विचारलं, आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली तर?”

मी त्यांना विचारले की मैत्रिणीने स्वतः या विषयावर कधी काही विचारले आहे का. पुष्कळ वेळाने त्यांना आठवले. वर्षभरापूर्वी बाईंचे वडील वारले, तेव्हा ही मैत्रीण मातीला आली होती. कबरीवर माती लोटली जात असताना मंडळी ‘उपासना-संगीत’ या गीतपुस्तकातली गीते गात उभी होती, ते पाहून ती चकित झाली आणि दुसऱ्या आठवड्यात डबा खाताना तिने विचारले, “तुम्ही लोक अशा वेळी गाता कसे गं? रडू येत नाही?” बाईंनी “अगं, पद्धत आहे आमची” एवढेच म्हणून विषय संपवला होता. म्हणजे ज्या दिवशी मैत्रिणीने दार स्वतः उघडले त्या दिवशी यांनी ते लावून घेतले, आणि वर्षानंतर कार्ड हातात घेऊन त्या तेच दार बाहेरून ढकलण्याच्या विचारात होत्या. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितले नाही. त्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते, एवढेच विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग पुनरुत्थानाच्या आशेविषयी, वडिलांच्या शेवटच्या आजाराविषयी आणि गीत म्हणताना आपला आवाज फुटला होता त्याविषयी इतके स्वच्छ बोलल्या की मला मध्ये काही विचारावे लागले नाही.

पुढच्या बैठकीत मी त्यांना आमंत्रणाचे वाक्य मोठ्याने म्हणून पाहायला सांगितले. त्या सुरू झाल्या त्या थेट पाप, तारण आणि न्यायाच्या दिवसापासून. पाच मिनिटे झाली तरी मैत्रिणीला बोलायला जागाच मिळत नव्हती. मी मैत्रिणीच्या जागी बसले होते, म्हणून म्हटले, “मला नाही म्हणायचं असेल तर मी ते कुठे म्हणू?” बाई हसल्या. मग आम्ही वाक्य कापत कापत एवढ्यावर आणले: “मागे तू मला गाण्याचं विचारलं होतंस आणि मी नीट सांगितलं नाही. ऐकायचं असेल तर सांगते, नसेल तर चहा घेऊ.” नकार देणाऱ्याला काहीच गमवावे लागणार नसेल तरच मी त्याला आमंत्रण मानते, आणि माझ्याकडे येणाऱ्या श्रद्धाळू माणसांना ही अट पटवणे मला इतर कशाहूनही अवघड जाते. त्यांना ती आस्थेची उणीव वाटते.

अशा वेळी मी शुभवर्तमानाकडेच वळते. योहानाच्या पहिल्या अध्यायात शिष्य फिलिप्प नथनेलाला येशूविषयी सांगतो, तेव्हा नथनेल नासरेथातून काही चांगले निघू शकते का असे म्हणून नाक मुरडतो. फिलिप्प वाद घालत नाही, भविष्यवाद्यांचे दाखले देत बसत नाही. ‘येऊन पाहा’ एवढेच म्हणतो आणि पाहण्याचे काम नथनेलावर सोपवतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया नगरातील लोकांची वाखाणणी होते ती त्यांनी पौलाचे बोलणे ऐकून घेतले आणि ते खरे आहे की नाही हे रोज शास्त्र उघडून तपासले म्हणून. तपासणाऱ्याची तिथे स्तुती आहे, हे आपल्या मंडळ्यांतून फारसे सांगितले जात नाही.

मराठी ख्रिस्ती घरांत नारायण वामन टिळकांची गोष्ट सर्वांना माहीत असते. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि तो आपल्या वाटेने गेला. टिळकांनी ते पुस्तक स्वतः वाचले, डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले, मनाशी झगडले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ही अर्धी गोष्ट आम्ही हौसेने सांगतो. उरलेली अर्धी मी बाईंना वाचायला सांगितली. या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे घर उद्ध्वस्त झाले, त्यांनी काही वर्षे पतीपासून दूर काढली, आणि परत आल्यावरही सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर स्वतःच विचार करून त्या बदलल्या आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पाच वर्षे नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू, आणि नवराही टिळकांसारखा तापट! सक्तीने काही साधले असते तर तिथे नक्की साधले असते.

तिसऱ्या बैठकीच्या शेवटी, जवळजवळ दारात उभ्या असताना, बाईंनी सहज सांगितले की मैत्रिणीच्या नवऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आपण तिला काही रक्कम उसनी दिली होती आणि त्यातली निम्मी अजून यायची आहे. मी त्यांना परत बसवले आणि म्हटले की उसने पैसे बाकी असताना तुमच्या आमंत्रणाला नाही म्हणणे तिला जड जाईल. त्यांना माझे म्हणणे लागले. “मी काय पैशावर तिला विकत घेतेय का?” असे त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या मनात तसे काही नव्हते याची मला खात्री होती. परंतु देणाऱ्याच्या मनात काय आहे यावर गोष्ट संपत नाही, घेणाऱ्याला काय वाटेल हेही पाहावे लागते. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवा मुलींसाठी सुरू केलेल्या शारदा सदन या निवासी शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरले होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा मुली आपणहून येऊन बसू लागल्या आणि रमाबाईंनी त्यांना हाकलले नाही. १८९३ साली यावरून पुण्यात वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी कोणावर जबरदस्ती केली असे मी मानत नाही. तरीही जिच्या हातात छप्पर, अन्न आणि शिक्षण आहे तिच्या उघड्या दाराचेही आश्रितावर वजन पडते, हे त्या प्रसंगातून मी घेते.

म्हणून बाईंना मी स्पष्ट सल्ला दिला, आणि समुपदेशक म्हणून मी सहसा इतका स्पष्ट देत नाही: पैशाचा विषय मोकळा होईपर्यंत उपासनेला, सभेला, प्रार्थनेला स्वतःहून बोलवायचे नाही, तिने विचारलेल्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायचे, कारण ते तिचे येणे आहे. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्ष देण्याच्या, म्हणजे आपली श्रद्धा इतरांना सांगण्याच्या, आचारासंबंधी एक निवेदन काढले. एरवी ज्यांचे आपसांत फारसे जमत नाही अशा तिघांनीही त्यात मान्य केले की लोकांच्या गरिबीचा व गरजेचा फायदा घेण्यास ख्रिस्ती कार्यात जागा नाही आणि धर्म बदलण्याच्या निर्णयाला पुरेसा वेळ व पूर्ण स्वातंत्र्य हवे. आजारी माणसाच्या उशाशी, कर्जदाराच्या दारात आणि आपल्या हाताखालच्या माणसाच्या टेबलाशी हा विषय काढू नये, असे मी त्याच्याही पुढे जाऊन सांगते. अल्पवयीन मुलामुलींना आईवडिलांच्या नकळत तर कधीच बोलवू नये.

कार्डाचे काय करायचे हे बाईंनी स्वतः ठरवले. त्या पाळकसाहेबांना भेटल्या आणि मैत्रिणीला न विचारता तिचे नाव आपण लिहिले, ते काढून द्या, असे त्यांनी सांगितले. साहेब थोडे नाराज झाले. “ताई, विश्वास थंडावलाय का?” असेही त्यांनी विचारले, पण कार्ड परत दिले. त्यानंतरच्या रविवारी डोके दुखले, पण उपासना पूर्ण होईपर्यंत बसता आले.

गाण्याचे उत्तर बाईंनी डब्याच्या वेळीच दिले. मैत्रिणीने ऐकून घेतले, “बरं वाटलं ऐकून” म्हणाली आणि पुढे कित्येक आठवडे काहीच झाले नाही. या काळात बाईंना धीर धरणे फार जड गेले. उन्हाळ्यात मैत्रिणीने उरलेले पैसे परत केले आणि त्यानंतर काही दिवसांनी तिने स्वतःच विचारले, “तुमच्या त्या पुस्तकात नेमकं आहे तरी काय? मला एकदा वाचायचंय.” बाईंनी मार्ककृत शुभवर्तमान सुचवले, कारण येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत आटोपशीर, सोळा अध्यायांचे आहे. वाचन मैत्रिणीच्याच घरी, तिच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगून व्हावे, असा आग्रह मी धरला होता. चोरून केलेले वाचन पुढे कळले की त्याचा अर्थ घरचे लोक आपल्या भीतीप्रमाणे लावतात आणि त्याची शिक्षा वाचणाऱ्या बाईला होते. सासूबाई पहिल्या संध्याकाळी खोलीत येऊन बसल्या, दोन पाने ऐकली आणि “हे तर गोष्टीच सांगतायत” असे म्हणून आपल्या मालिकेकडे निघून गेल्या.

पाचव्या अध्यायात गाडी अडली. भूतग्रस्त माणसातून निघालेले अशुद्ध आत्मे डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरे कड्यावरून धावत जाऊन समुद्रात बुडतात. मैत्रीण बँकेत कर्जप्रकरणे पाहणारी. तिने विचारले, “तो माणूस बरा झाला हे ठीक, पण ज्यांची डुकरं होती त्यांचं नुकसान कोणी भरून दिलं?” बाईंना उत्तर येईना. पूर्वी त्यांनी काहीतरी जुळवून सांगितले असते; या वेळी त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही. इतकी वर्षं ऐकतेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.” त्याच अध्यायात पुढे बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून येऊन वस्त्राला शिवते, तेव्हा मैत्रीण थांबली आणि तो भाग तिने पुन्हा वाचायला सांगितला. बाईंनी त्यावर प्रवचन केले नाही, हे मला विशेष वाटले.

मैत्रिणीने सोळा अध्याय पूर्ण केले. ती नाताळात गाणी ऐकायला मंडळीत येऊन गेली, पंचांग पाहून एकादशीही करते, आणि देवघरातला विठोबा होता तिथेच आहे. बाईंनी मला विचारले, “मग माझी साक्ष वाया गेली म्हणायची का?” मी त्यांना विचारले की त्यांनी खोटे काही सांगितले का, आशेविषयी विचारले तेव्हा लपवले का, मैत्रिणीला भीड घातली का. तिन्हींना त्यांचे उत्तर नाही असे होते. मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे असे आपली मंडळी शिकवते. मग त्याच्या हिशेबाची वही बँकेतल्या बाईंनी का लिहावी, असे मी म्हटल्यावर त्या मोकळेपणाने हसल्या.

उद्या मैत्रिणीने खरोखरच बाप्तिस्म्याची इच्छा बोलून दाखवली तर काय, हा प्रश्नही आमच्या बोलण्यात आला. तेव्हाही घाई करायची नाही. प्राचीन मंडळीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे शिकण्याची रीत सांगितलेली आढळते. रोमन कॅथोलिक मंडळीने १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा विधी नव्याने घालून दिला, त्यातही आधी चौकशीचा काळ ठेवला आहे आणि त्या काळात माणूस परत फिरू शकतो. संविधानाचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो आणि धर्माच्या प्रसाराचा हक्कही देतो. पण दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले आहे. काही राज्यांत यासंबंधी वेगळे कायदे आहेत, म्हणून पाळकांनी आणि कुटुंबाने आधी वकिलाशी बोलावे. मैत्रिणीच्या घरात तेव्हा जे वादळ उठेल त्याचा विचार बाईंनी तिच्याइतकाच करावा लागेल, हेही मी सांगितले.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. मैत्रिणीला आता लूककृत शुभवर्तमान वाचायचे आहे आणि पाळकसाहेब म्हणतात की एखाद्या संध्याकाळी मीही येतो. काय करू, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “घर तिचं आहे, तिला विचारा.” त्यांनी विचारले. मैत्रीण म्हणाली, साहेबांना जेवायला कधीही आण, वाचायला मात्र आपण दोघीच बसू.