वाचक विचारतात : राजगिरा, चुना आणि तळ्यातलं शहर

गेल्या अंकात मी अ‍ॅझ्टेकांच्या टेनोच्टिट्लान या राजधानीबद्दल लिहिलं होतं. टेश्कोको तळ्यातल्या बेटावर 1325 च्या सुमारास वसलेलं हे शहर 13 ऑगस्ट 1521 ला स्पॅनिशांच्या हाती पडलं आणि आज ते मेक्सिको सिटीच्या रस्त्यांखाली गाडलेलं आहे. तिथले लोक स्वतःला मेशिका म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. पत्रं भरपूर आली. राजे आणि लढायांबद्दल फार कुणी विचारलं नाही. शेत, स्वयंपाक, लग्न, मुलंबाळं यांबद्दल विचारलं. मला मनापासून आनंद झाला, कारण मेक्सिकोत राहत होते तेव्हा मलाही याच गोष्टींनी वेड लावलं होतं. जागेअभावी सगळी पत्रं घेता आली नाहीत.

“राजगिरा मूळचा मेक्सिकोचा, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. आमच्याकडे तो एकादशीला खातात. मग तो परदेशी कसा? आणि ते लोक तो कसा खात?” (एक वाचक, सोलापूर)

ताई, राजगिरा तिकडचाच. दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिरा अमेरिका खंडात शेतीत आला आणि समुद्रमार्ग खुले झाल्यावर आपल्याकडे पोचला. मिरचीही तशीच आली, आणि दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडूसुद्धा. पण परदेशी म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. तिकडेही राजगिरा देवाचाच होता.

मेशिकांच्या रोजच्या जेवणात तो होताच. पानांची भाजी व्हायची, दाण्यांचं पीठ व्हायचं, मांडलिक प्रांतांकडून मका, घेवडा आणि चिया यांच्याबरोबर राजगिऱ्याचीही कोठारंच्या कोठारं खंडणीत यायची. सणाला मात्र त्याचं वेगळंच रूप असे. राजगिऱ्याचं पीठ घायपातीच्या गोड पाकात मळून त्याची देवाची मूर्ती घडवत. विट्सिलोपोच्ट्ली हा त्यांचा युद्धाचा देव. त्याची अशी मूर्ती सणाच्या शेवटी मोडून तिचे तुकडे लोकांत वाटले जात आणि ते भक्तिभावाने खाल्ले जात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या चर्चमधल्या प्रसादाची नक्कल दिसली, म्हणून त्यांचा या पिठावर फार राग. पुढच्या काळात राजगिऱ्याची लागवड खूप घटली.

तरी तो संपला नाही. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येउआल्को नावाचं गाव आहे, तिथे आजही पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा चालतो. तापलेल्या तव्यावर दाणे टाकायचे, क्षणात लाह्या फुलतात, त्या पाकात घोळवायच्या, वर शेंगदाणे, बेदाणे, भोपळ्याच्या बिया लावायच्या आणि थापून वड्या पाडायच्या. त्यांना तिथे आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. पहिल्यांदा मी ती वडी तोंडात टाकली आणि विकणाऱ्या मावशींना म्हटलं, ही तर आमच्या घरची. त्यांना काही ते पटलं नाही.

“मका चुन्यात शिजवत, असं वाचलं. पोटाला अपाय होत नसे?” (एक गृहिणी, जळगाव)

अपाय तर नाहीच, उलट त्या चुन्यावर ती सगळी माणसं जगली. आणि ही पद्धत मेशिकांच्याही आधीपासूनची, कितीतरी शतकांची.

माझी घरमालकीण मिल्पा आल्टा भागातली होती. तिच्या आईला मी हे करताना पाहिलंय. संध्याकाळी मोठ्या भांड्यात पाणी, त्यात थोडा चुना आणि वाळलेला मका. थोडा वेळ उकळायचा आणि झाकून रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं आणि दाण्याचं साल बोटांनी चोळलं की सुटून येतं. तीन-चार पाण्यांनी धुवायचं. मग दळण. आपल्या पाट्याचाच भाऊ असा दगड, फक्त तीन पायांचा आणि पुढे उतरता. बाई त्याच्यामागे गुडघ्यांवर बसते आणि लांब वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलते. सगळा भार खांद्यांवर आणि कमरेवर. आजी बोलता बोलता दळत होत्या, मी पाच मिनिटांत घामाघूम झाले. मेशिकांच्या घरात बायका पहाटे उठून हे काम तासन्‌तास करत, रोज, जन्मभर. जुन्या सांगाड्यांच्या गुडघ्यांवर आणि पाठीच्या मणक्यांवर त्याच्या खुणा सापडतात. पिरॅमिड कुणी बांधले हे आपण कौतुकाने विचारतो. ते बांधणाऱ्यांची भाकरी कुणी दळली, हेही तितक्याच आदराने विचारायला हवं.

चुन्यामुळे तीन गोष्टी होतात. पिठाला चिकटपणा येतो, नाहीतर मक्याची भाकरी थापताना फुटते. कॅल्शियम मिळतं. आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, पण ही कृती नेली नाही. पुढे स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटणारा, शेवटी बुद्धीवर परिणाम करणारा हा रोग. मेक्सिकोत मात्र गरिबातला गरीब माणूस मका, घेवडा, भोपळा आणि मिरची खाऊन धडधाकट राहत होता. स्वयंपाकघरातल्या शहाणपणाची किंमत अशी कळते.

“तळ्यावर तरंगती शेती करत, हे खरं का? मी स्वतः भाजीपाला आणि रोपं करतो.” (एक शेतकरी, तासगाव)

तरंगती नाही. हा गैरसमज जगभर आहे, पर्यटकांना हौसेने तसंच सांगतात. हे वाफे पक्के तळाला टेकलेले असत आणि आजही आहेत.

उथळ पाण्यात लांबट चौकोन आखून खुंट ठोकायचे, मधे लव्हाळं-पाणवनस्पतींचे थर आणि तळातला गाळ आलटून पालटून टाकत जायचं, पाण्याच्या वर हातभर जमीन आली की झालं. कडेने आउएहोते नावाची विलोची उभी, सडपातळ झाडं लावायची. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि सावली फारशी पडत नाही. या वाफ्याला चिनाम्पा म्हणतात. दोन वाफ्यांमधे कालवा, त्यातून होडी. वाफा मुद्दाम अरुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओल आतपर्यंत झिरपते आणि पाणी घालायचं काम जवळजवळ उरत नाही. दरवर्षी कालव्यातला गाळ काढून वर पसरायचा. कालवाही साफ, खतही झालं. शहरातला मैलासुद्धा होड्यांनी गोळा करून वापरत. वर्षात एकामागून एक अनेक पिकं निघत.

तुम्ही रोपं करता म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. कालव्याच्या काठाशी गाळाचा पातळ थर पसरतात, तो जरा आवळला की सुरीने बोट-दोन बोटांचे चौकोन कापतात आणि प्रत्येक चौकोनात एक भोक पाडून एक बी टाकतात. वरून बारीक खत. रोप वर आलं की तो चौकोन उचलायचा आणि मातीसकट लावायचा. मुळाला धक्का नाही, मर नाही. वाफा रिकामा होण्याआधीच पुढचं पीक रोपात तयार. तुमच्या ट्रेमधलं काम ते चिखलात करतात, आणि मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोत मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

एक मोठी अडचण होती ती पाण्याची. टेश्कोको तळं खारं. दक्षिणेकडचं सोचिमिल्को आणि चाल्को गोडं, कारण तिथे झरे. पावसाळ्यात खारं पाणी चढलं की पीक जळणार. 1449 मधे मोठा पूर आला, त्यानंतर तळ्याकाठच्या टेश्कोको नगराचा राजा नेसावाल्कोयोट्ल याच्या देखरेखीखाली सुमारे 16 किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. पूरही आवरला आणि खारं-गोडं पाणीही वेगळं राहिलं. पिण्याचं पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यावरून दुहेरी पाटाने येई. एक पाट साफ करताना दुसरा चालू. दीड-दोन लाख वस्तीचं शहर असावं असा अंदाज आहे, आणि त्याला प्यायला गोडं पाणी मिळत होतं. 1521 च्या वेढ्यात स्पॅनिशांनी पहिल्यांदा हाच पाट तोडला. पुढे त्यांनी तळंच उपसायला घेतलं. आज त्या जागी मेक्सिको सिटी खचतेय आणि पाण्याला तरसतेय. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

“तिथल्या मुलींना शाळा होती का? शिक्षा करायचे का?” (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

बाळा, मुलींनाही शिकायला मिळायचं. साध्या घरांतली मुलं वस्तीच्या शाळेत जात, सरदारांची आणि काही हुशार मुलं पुजाऱ्यांच्या शाळेत. नाच-गाण्याची शाळा वेगळी; तिथे तुझ्याएवढ्या वयाच्या मुलामुलींना रोज संध्याकाळी जावंच लागे. देवांच्या कथा आणि पूर्वजांचा इतिहास गाण्यांतूनच पाठ होई.

1541 च्या आसपास तयार झालेली एक चित्रपोथी ऑक्सफर्डला आहे, मेन्दोसा पोथी. तिच्यात मुलाच्या वयाशेजारी त्याच्या वाटणीच्या भाकऱ्या काढल्यात. तीन वर्षांच्याला अर्धी, चार-पाचच्याला एक, सहा ते बारा दीड, तेरानंतर दोन. तेराव्या वर्षी मुलगी दळते, चौदाव्या वर्षी मागावर विणते. मुलगा होडीतून मासे धरतो. शिक्षा मात्र कडक होत्या. अकरा वर्षांच्या मुलाला मिरच्यांच्या धुरावर धरल्याचं चित्र आहे, डोळ्यांतून पाणी वाहतंय. तेव्हाही ते चुकीचंच होतं असं मला वाटतं.

“त्यांच्यात लग्न कसं लागायचं?” (एक वाचक, कोल्हापूर)

मध्यस्थ म्हाताऱ्या बायका दोन्ही घरांत येऊन-जाऊन ठरवत. मुलाच्या गुरुजींना जेवण आणि कुऱ्हाड देऊन आधी त्याला शाळेतून मोकळं करून घ्यावं लागे. नवरीच्या हातापायांना लाल पिसं चिकटवत. रात्री एक बाई तिला पाठीवर घेऊन नवऱ्याच्या घरी नेई, बरोबर पेटते पलिते. चुलीपुढे चटईवर दोघांना बसवून त्याच्या उपरण्याची आणि तिच्या झग्याची गाठ मारत. होय, गाठच. मग वडीलधारे लांबलचक उपदेश करत. पुढे नांदणं अशक्य झालं तर बाईला काडीमोड मागता येई, आणि तिची मालमत्ता तिचीच राही.

“नाणी नव्हती, मग व्यवहार कसा होई?” (निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

सुटे पैसे म्हणजे कोकोच्या बिया, मोठ्या रकमेला सुती कापडाच्या घड्या. टेनोच्टिट्लानला लागूनच्या ट्लाटेलोल्कोच्या बाजारात रोज 60,000 माणसं येतात, असं स्पॅनिशांचा सेनापती कोर्तेस याने आपल्या राजाला लिहिलं होतं. बाजारातच पंचांचं न्यायासन असे. खोटं माप सापडलं की माप तिथल्या तिथे फोडत. नकली नाण्यांचा प्रकारही होता : बीचं टरफल रिकामं करून आत माती नाहीतर मेण भरायचं. 1545 ची ट्लाश्काला या शेजारच्या राज्याची एक भावयादी शिल्लक आहे. ती स्पॅनिश अंमलातली, पण व्यवहार जुनाच. चांगली टर्की कोंबडी 100 बिया, टर्कीचं अंडं 3, मोठा टोमॅटो 1. बँकेतल्या माणसाला ती वाचायला फार आवडेल.

“एवढं कौतुक करता, पण माणसांचे बळी देणारे हेच ना?” (एक वाचक, नागपूर)

हेच. मी ते झाकणार नाही. युद्धकैदी, गुलाम, आणि पावसाच्या देवासाठी लहान मुलंही. 2015 मधे मुख्य मंदिराजवळ कवट्यांचा बुरूज सापडला. 2020 पर्यंत त्यातल्या 603 कवट्या मोजल्या गेल्या, त्यांत बायकांच्या आणि मुलांच्याही आहेत. 1487 मधे चार दिवसांत 80,400 बळी दिले, हा जुन्या बखरीतला आकडा मात्र अभ्यासक मानत नाहीत.

सूर्य माणसाच्या रक्तावर चालतो ही त्यांची श्रद्धा होती. राज्याची दहशत बसवणं हाही हेतू होता, आणि त्या दहशतीला विटलेल्या ट्लाश्काला राज्याने कोर्तेसला हजारो योद्धे पुरवले. त्यांच्याशिवाय आणि 1520 च्या देवीच्या साथीशिवाय मूठभर स्पॅनिशांना ते शहर घेता आलं नसतं. मी एवढंच मागते की, बळीच्या दगडाबरोबर दळायचा दगडही पाहा. लाखो माणसांचा दिवस दुसऱ्या दगडाशी सुरू होत होता.

“ते लोक आता उरलेत का? पुढच्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला जातोय, मेक्सिको सिटीत तीन दिवस काढू. काय पाहावं?” (एक दांपत्य, पुणे)

उरलेत तर! त्यांची नाहुआट्ल भाषा आजही सुमारे 16 लाख लोक बोलतात. मिल्पा आल्टात, पुएब्ला आणि वेराक्रूसच्या डोंगरांत ती घराघरांत ऐकू येते.

पहिल्या दिवशी मुख्य चौकाशेजारचं मंदिर आणि त्याचं संग्रहालय. 1978 मधे वीजकामगार खणत असताना तिथे चंद्रदेवी कोयोल्शाउकीची भली मोठी शिळा लागली आणि मग सगळं मंदिर उघडं झालं. दुसरा दिवस मानवशास्त्र संग्रहालयाच्या मेशिका दालनाला पूर्ण द्या. त्यांची प्रसिद्ध गोल कोरीव सूर्यशिळा तिथेच आहे. तिसऱ्या दिवशी सोचिमिल्को, पण गाण्याबजावण्याच्या रंगीत होड्यांकडे जाऊ नका. कुएमान्कोच्या धक्क्यावरून पहाटे निघा, शेतकरी वाफ्यांवर कामाला असतात आणि विचारलं तर आपुलकीने दाखवतात. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेवढं तिकीट काढताना लक्षात ठेवा.