डोक्यालाच पाय फुटलेला माणूस

प्रश्न : माझा नातू सव्वाचार वर्षांचा आहे. बालवाडीत बाईंनी माणूस काढायला सांगितल्यावर त्याने एक मोठा गोल, त्यात दोन डोळे आणि त्या गोलालाच चिकटलेले दोन लांब पाय एवढेच काढले. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी वेणी, बांगड्या, पाचही बोटे काढते. चौथ्या वर्षीच्या चित्रावरून पुढची बुद्धी कळते, असे माझ्या मुलाच्या वाचनात आल्यापासून तो रोज संध्याकाळी नातवाला वही घेऊन बसवतो आणि चुका सुधारून घेतो. ही काळजी रास्त आहे का? बुद्धिमापन चाचणी करून घ्यावी का?
— एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आजी, आपल्या नातवाने काढलेला माणूस त्याच्या वयाला साजेसाच आहे. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान असंख्य मुलांच्या कागदावर माणूस प्रथम असाच उमटतो, आणि धड बहुधा त्यानंतर येते. पोट कुठे आहे असे विचारले, तर अशी मुले पुष्कळदा दोन पायांमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतात. म्हणजे पोट त्यांना ठाऊक असते, फक्त त्यासाठी वेगळी रेघ ओढलेली नसते.

आपल्या मुलाने वाचले ते निराधार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये माणसाच्या चित्रावरून बुद्धी मोजण्याची चाचणी मांडली. तीत चित्राच्या देखणेपणाला नव्हे, तर अवयव व तपशील यांच्या ५१ बाबींना गुण होते. भारतीय मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी तिचे रूपांतर केले. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी चार वर्षांच्या १५,५०४ जुळ्या मुलांची चित्रे तपासली आणि डोके, डोळे, नाक, केस, हात असे अवयव आहेत का व योग्य संख्येने आहेत का, हे पाहून प्रत्येकाला ० ते १२ गुण दिले. त्या गुणांचा चौथ्या वर्षीच्या बुद्धीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.३३ आला, तर चौदाव्या वर्षीच्या बुद्धीशी ०.२०.

बातम्यांत नेमके हेच आकडे गाळले जातात, याचे मला फार वाईट वाटते. ०.२० चा अर्थ असा, की चौदाव्या वर्षी मुलामुलांत दिसणाऱ्या बुद्धीच्या फरकांपैकी केवळ चार टक्क्यांच्या आसपास भागाचा मेळ त्या जुन्या चित्राशी लागतो. हजारो मुलांची सरासरी काढताना एवढा संबंध संशोधकाला मोलाचा वाटतो. एका घरातल्या एका मुलाविषयी मात्र त्यावरून काहीच ठरवता येत नाही. चित्र वाईट आले म्हणून पालकांनी घाबरू नये, असे त्या संशोधकांनीही सांगितले होते.

शिवाय मूल काय काढते, हे त्याने आजूबाजूला काय पाहिले यावरही अवलंबून असते. वारली घरांच्या भिंतींवरील माणूस पाहा : टोकाला जोडलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि बहुधा कोरा चेहरा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या समर्थ आकृतीला वरील मोजपट्टीवर डोळ्यांचे, नाकाचे, तोंडाचे गुण मिळणार नाहीत. शेजारच्या मुलीच्या घरी कदाचित एखादी ताई तिच्यासमोर बसून चित्रे काढत असेल.

म्हणून संध्याकाळची ती शिकवणी थांबवावी, असे मुलाला माझ्या वतीने आवर्जून सांगा. बोटे काढायला घोटून घेतली तर चित्रातली बोटे वाढतील, बुद्धी नव्हे. आणि आपले प्रत्येक चित्र चुकते असे मुलाच्या मनाने घेतले, तर ते खडू हातात धरायलाच कचरेल. त्याऐवजी पाटी, खडू, जुने कागद त्याच्या हाताशी राहू द्या आणि चित्र झाल्यावर ‘हा कोण? कुठे निघालाय?’ एवढे विचारा. त्या उत्तरातून त्याची भाषा, स्मरण आणि कल्पना आपल्याला चित्रापेक्षा कितीतरी जास्त कळेल.

केवळ या चित्रासाठी बुद्धिमापन चाचणीची गरज नाही. मात्र बोलणे, सांगितलेले समजणे, इतर मुलांत खेळणे किंवा बटण लावण्यासारखी हातांची कामे यांतही तो मागे आहे असे वाटत असेल, किंवा पूर्वी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे आणि जाताना त्याची दोन-चार चित्रेही सोबत न्यावीत.